शिडाच्या जहाजावरची शाळा

‘कॉन्कॉर्डिया’ हे तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज रेसिफेहून माँटेव्हिडिओकडे निघालं होतं. १७ फेब्रुवारी २०१० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असताना ते वाऱ्याच्या तडाख्यात आडवं झालं आणि बुडालं. जहाजावर ६४ जण होते. त्यांपैकी ४८ विद्यार्थी, कॅनडातल्या ‘क्लास अफ्लोट’ या फिरत्या शाळेचे. दीड दिवसाहून अधिक काळ तराफ्यांवर काढल्यावर मालवाहू जहाजांनी त्यांना उचललं. एकही जीव गेला नाही.

मग अशा शाळा हव्यात कशाला, हा प्रश्न रास्त आहे. १९६१ मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘अल्बाट्रॉस’ हे असंच शाळेचं जहाज बुडालं, तेव्हा सहा जण गेले. त्यांत चार विद्यार्थी होते. शिकण्यासाठी परदेशी जायचं तर विमान आहे. समुद्रात आजारी पडलेल्या मुलाला इस्पितळ गाठायला कित्येक दिवस लागू शकतात. शुल्कही असं की मोजक्याच घरांना झेपावं, आणि हा आक्षेप आम्हाला सुरक्षेच्या आक्षेपाइतकाच जड वाटतो.

तरीही दुसरी बाजू हलकी नाही. कोविडमुळे परतीचे मार्ग बंद झाले, तेव्हा ‘वाइल्ड स्वॉन’ या शिडाच्या जहाजावरची २५ डच मुलं कॅरिबियनमधून अटलांटिक ओलांडून एप्रिल २०२० मध्ये हार्लिंगनला पोहोचली. वय १४ ते १७. सोबत शिक्षक आणि मुरलेले खलाशी होते. अभ्यास चालू होता, आणि रात्रीच्या पाळ्याही. रात्री दोन वाजता सुकाणू हाती असलेल्या मुलाला आपण चुकलो तर झोपलेले सगळे धोक्यात येतील, हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. वर्गात अशी जबाबदारी देताच येत नाही. आपलं नौदलही गोव्यात बांधलेल्या ‘तरंगिणी’वर कॅडेटना शिडांचे धडे देतं, ते याच कारणासाठी. अर्थात कॅडेटनी नौदलाची वाट स्वतः निवडलेली असते. पंधरा वर्षांच्या मुलाचा निर्णय बव्हंशी पालकांचा असतो. म्हणून इथे नियम अधिक कडक हवेत.

‘कॉन्कॉर्डिया’चा तपास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. अचानक कोसळलेला, कुणाला टाळता न येणारा झोत, हे कारण कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मान्य केलं नाही. वारा अशा जहाजाला पेलण्यापलीकडचा नव्हता. पाळीवरच्या अधिकाऱ्याला धोक्याचा अंदाज आला नाही, शिडं वेळेत कमी झाली नाहीत, आणि उघड्या दारं-खिडक्यांतून पाणी आत शिरलं. जहाज किती कललं की परत उभं राहणार नाही, याची माहिती जहाजावर होती. ती वापरण्याचं प्रशिक्षण अधिकाऱ्यांना सक्तीचं नव्हतं. म्हणजे दोष समुद्राचा कमी, तयारीचा जास्त. आणि तयारी सुधारता येते. ‘अल्बाट्रॉस’नंतर अमेरिकेने अशा जहाजांसाठी स्वतंत्र कायदा केला, पण तो यायला १९८२ उजाडलं.

आमचं मत या शाळा चालू राहाव्यात असं आहे, मात्र तीन अटींवर. जहाजाच्या स्थैर्याचं प्रशिक्षण प्रत्येक पाळी-अधिकाऱ्याला सक्तीचं हवं. काही जागा शिष्यवृत्तीच्या हव्यात. आणि आजवरच्या अपघातांचे तपास-अहवाल प्रवेशाच्या कागदांसोबतच पालकांच्या हाती पडायला हवेत, पैसे भरण्याआधी.