अद्भुतास मराठी वर्ज्य का?

'अखिल भारतीय चित्रपट' हा शब्दप्रयोग अलीकडे इतका रूढ झाला आहे की, त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची कोणास गरज वाटेनाशी झाली आहे. आम्हांस ती वाटते. २०२२ साली आलेला 'आरआरआर' अखिल भारतीय. त्याच वर्षीचा 'के.जी.एफ.'चा दुसरा भाग अखिल भारतीय. दैवी अस्त्रांच्या जोरावर लढणारा नायक घेऊन आलेला 'ब्रह्मास्त्र'ही अखिल भारतीय. ह्या तिन्ही चित्रपटांच्या भाषांची यादी एकच आहे : हिंदी, तेलुगू, तमिळ, कन्नड व मल्याळम. आता ह्या यादीशेजारी २०११ च्या जनगणनेचे आकडे ठेवून पाहावेत. मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख; तेलुगू ८ कोटी ११ लाख; तमिळ ६ कोटी ९० लाख; कन्नड ४ कोटी ३७ लाख; मल्याळम ३ कोटी ४८ लाख. हिंदी व बंगाली वगळता मराठीहून अधिक लोकांची मातृभाषा ह्या देशात नाही. तरीही अखिल भारताची मोजदाद सुरू झाली की मराठी तेवढी पंगतीबाहेर बसते. (बंगालीची तक्रार बंगाली लोक मांडतील, आम्ही आमची मांडतो.)

परदेशी महावीरांचे चित्रपट ह्याहून निराळे वागत नाहीत. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' भारतात आला तो इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ व तेलुगू बोलत. २०२४ च्या जुलैत 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' आला, त्याच्याही मुखी ह्याच भाषा. ह्याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. मराठी माणसास हिंदी कळते, आणि मराठी माणूस हिंदीवर संतुष्ट असतो, हे व्यापाऱ्यास पक्के ठाऊक आहे. जे गिऱ्हाईक मिळेल तो माल मुकाट्याने घेऊन जाते, त्याच्यासाठी निराळे माप कोण ठेवील? म्हणूनच आम्ही हैदराबादेस वा हॉलिवुडास बोल लावीत नाही. आमचे भांडण घरचे आहे. ते मराठी सुशिक्षितांशी आहे.

ह्या नियमास एक ठळक अपवाद घडला. २०१८ साली निघालेल्या 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' ह्या चित्रपटाचा पुढचा भाग, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', १ जून २०२३ रोजी भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला व त्या दहांत मराठी होती. हे चित्र हलत्या रेखाटनांचे; लांबी १४० मिनिटे; खर्च किमान दहा कोटी डॉलर; राबणारे हात सुमारे एक हजार. त्यातील प्रत्येक विश्वाची रेखनशैली निराळी असल्यामुळे एकाच चित्रपटात अनेक चित्रशाळांचे काम करावे लागले. ह्या कामी अतोनात तास राबवून घेतले गेले व शंभराच्या आसपास कारागीर मध्येच सोडून गेले, असे काही कारागिरांनी नाव न सांगता न्यूयॉर्कच्या एका नियतकालिकास सांगितले होते. तो विषय गंभीर आहे, पण आजचा नव्हे.

आजचा विषय त्या चित्रपटातील एका नगरीचा आहे. मुंबई व मॅनहॅटन ह्यांचा संकर करून तिचे नाव 'मुंबॅटन' ठेवले आहे आणि तिचा रक्षक आहे पवित्र प्रभाकर नावाचा मुलगा. हे नाव 'पीटर पार्कर'च्या नादावर बेतलेले. मराठी कानास 'प्रभाकर' हे आडनाव म्हणून खटकते, पण तेवढे सोडून देऊ. ही नगरी कशी दिसावी हे ठरविताना चित्रकारांनी समोर ठेविली ती 'इंद्रजाल कॉमिक्स'ची जुनी पाने! वाचकांपैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांना ह्याहून अधिक सांगण्याचे कारण नाही. 'टाइम्स ऑफ इंडिया'ने १९६४ साली सुरू केलेली ही चित्रमाला मराठीतही निघत असे. ली फॉकचा फँटम तिने 'वेताळ' ह्या नावाने आमच्या घरांत आणिला. त्या वेताळास मराठी बोलताना पाहून कोणाही बालकास तो परका वाटला नाही. उलट, वेताळ हा शब्दच मुळी आमच्या आजीच्या गोष्टींतला होता. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती ह्यांचा 'बहादूर' ह्याच मालेत आला, व १९९० च्या सुमारास ती माला बंद पडली. आम्ही तिची रद्दी केली. हॉलिवुडातील चित्रकारांनी मात्र तीच पाने पुढ्यात घेऊन आमची मुंबई रंगविली, आणि तिच्यातल्या मुलास मराठी बोलते करून आमच्या दारी धाडिले.

तेथे त्याचे स्वागत कसे झाले? वृत्तपत्रांस ह्या चित्रपटाच्या भारतीय आवृत्तीत मुख्य कुतूहल वाटले ते क्रिकेटपटू शुभमन गिल ह्यांनी हिंदी व पंजाबीत पवित्रास आवाज दिला ह्याचे. मराठीत तो आवाज कोणाचा, ही विचारपूस किती मराठी घरांत झाली? ज्या घरांत मराठी मासिके येतात, दिवाळी अंक विकत घेतले जातात, मराठी शाळा ओस पडत असल्याबद्दल हळहळ व्यक्त होते, त्याच घरांतील मंडळी मुलांस घेऊन इंग्रजी खेळास जातात. कारण विचारावे तर, 'मराठीत ते हास्यास्पद वाटते', असे उत्तर येते. न ऐकता हास्यास्पद! ह्याच चित्रपटात पवित्र आपल्या अमेरिकन मित्रास दटावतो की, 'चाय' म्हणजेच चहा, त्यापुढे पुन्हा तोच शब्द इंग्रजीत जोडू नकोस. आपल्या भाषेतल्या एका शब्दासाठी हटून बसणाऱ्या ह्या पोरास पाहून आमचे सुशिक्षित खळखळून हसतात, आणि हसतात ते इंग्रजी खेळात बसून.

ह्या 'हास्यास्पद' शब्दाच्या बुडाशी एक समजूत आहे : मराठी ही घरगुती सुखदुःखांची, विनोदाची, फार तर संतचरित्राची भाषा, अचाट पराक्रम व अद्भुत यंत्रे तिला पेलत नाहीत. इतिहास ह्याच्या अगदी उलट साक्ष देतो. मराठी कादंबरीचे बालपण अद्भुतात गेले. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची व रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची आहे. भा. रा. भागवतांनी जूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांच्या हाती दिल्या, तेव्हा त्या वाचून कोणी हसले नाही. चित्रपटाची गोष्ट तर बोलूच नये. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढिला आणि पाठोपाठ १९१७ चे 'लंकादहन' व १९१९ चे 'कालिया मर्दन' निर्मिले. मारुतीने लंका जाळणे व बाळकृष्णाने कालियास दमविणे ही चमत्कारचित्रेच होत, आणि ती करणारा कारागीर त्र्यंबकेश्वरचा होता. फाळक्यांना ही प्रेरणा ख्रिस्ताच्या जीवनावरील एका परदेशी चित्रपटाने दिली, हे प्रसिद्ध आहे. परक्याचे पाहावे आणि आपल्या भाषेत आणावे, ही आमची जुनी विद्या आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. मग कोळ्याने चावलेल्या पोराचे भाषांतर करताना आम्हांस संकोच का व्हावा?

पेलण्याविषयी आणखी एक पुरावा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक झोंबतो. हिंदी 'बाहुबली'च्या दोन्ही भागांत नायकाचा आवाज कोणाचा? शरद केळकरांचा. हिंदी 'पुष्पा'चा? श्रेयस तळपद्यांचा. २०१६ च्या हिंदी 'जंगल बुक'मध्ये शेरखान वाघ गुरगुरला तो नाना पाटेकरांच्या कंठातून. म्हणजे ह्या महाकाय पात्रांस जिवंत करण्याचे बळ मराठी कंठात पुरेपूर आहे. ते दुसऱ्याच्या भाषेस भाड्याने दिले आहे, इतकेच. २०२१ च्या दिवाळीत एका मराठी वाहिनीने 'बाहुबली' मराठीत आणिला, त्याचे संवाद व गीते मराठी कलावंतांनी नव्याने बांधिली. ते काम घरोघरच्या छोट्या पडद्यावर झाले. मोठ्या पडद्याचे दार उघडावयास मात्र कोणी पुढे येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' आला : कथा शिवाजी सावंतांच्या मराठी कादंबरीची, नायक छत्रपती संभाजी महाराज, दिग्दर्शक मराठी. चित्रपट हिंदीत, व तीन आठवड्यांनी तेलुगूत. संभाजीराजांचा पराक्रम मराठी प्रेक्षकाने चित्रगृहात हिंदीतून ऐकिला, आणि जयजयकार तेवढा मराठीत केला.

आता मराठी चित्रव्यवसायातील मंडळींचा आक्षेप. डबिंगची वाट मोकळी केली तर आधीच दुर्मीळ असलेले पडदे परभाषी चित्रपट मराठीचा मुखवटा चढवून बळकावतील, असे ते म्हणतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये बहुपडदा चित्रगृहांनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावेत, असे सरकारास सांगावे लागले, ह्यातच मराठी निर्मात्याची अवस्था दिसते. परंतु ह्या मंडळींनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, पडदे आजही गेलेलेच आहेत. ते हिंदीने नेले आहेत, व डबिंग नसल्यामुळे त्यांतला एकही परत आलेला नाही. दुसरी गोष्ट कर्नाटकाची. तेथे १९६० नंतरच्या काळापासून कन्नड डबिंग अघोषितपणे बंद होते. २०१५ साली स्पर्धा आयोगाने त्या बंदीविरुद्ध निकाल दिला आणि हळूहळू डब केलेली चित्रे येऊ लागली. ह्यामुळे कन्नड चित्रपट बुडाला काय? २०१८ साली 'के.जी.एफ.'चा पहिला भाग कन्नडांनीच काढिला व तोच इतर चार भाषांत डब करून देशभर नेला. आम्ही असे म्हणत नाही की एकामुळे दुसरे घडले. भीती होती तसे घडले नाही, एवढेच आमचे म्हणणे. पडद्यांची चिंता असेल तर तिचा इलाज सोपा आहे : मराठी चित्रपटांसाठी राखलेल्या खेळांत डब चित्रपट धरू नये, हिंदी वा इंग्रजी आवृत्तीस मिळणाऱ्या खेळांतूनच मराठी आवृत्तीचा वाटा काढावा. असा नियम करण्यास कोणाची हरकत असेल, तर ती मराठी निर्मात्याची नक्कीच नसेल.

ह्या वादात ज्याचे नावही कोणी घेत नाही, असा एक पक्ष आहे, आणि आम्हांस लिहिण्यास प्रवृत्त केले ते त्याने. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन व जीवन कांग ह्यांनी पवित्र प्रभाकर प्रथम रेखाटला, तो खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईस शिकावयास आलेला मुलगा म्हणून. वीरवेषातही कमरेस धोतर. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातल्या आमच्या डोणगावच्या मुलास ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. शिक्षणासाठी गाव सोडणे, शहरात आपल्या बोलण्यावर व कपड्यांवर हसू ऐकून घेणे, हे येथे कल्पित नाही. मुंबईच्या मुलास हिंदी रस्त्यावर मिळते व इंग्रजी शाळेत. डोणगावच्या मुलास दोन्ही अर्धीमुर्धी. तो ह्या महावीरांस भेटतो ते बहुधा फोनच्या वीतभर काचेवर, निम्मे संवाद अंदाजाने ताडीत. त्याच्या मनात नकळत एक हिशेब पक्का होतो : जगाचे रक्षण करणारे लोक हिंदी वा इंग्रजी बोलतात, आणि मराठी आपल्यासारखे बोलतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीस अभिजात दर्जा दिला, त्याचे सत्कारसमारंभ अनेक झाले. ह्या मुलाच्या हिशेबात त्यांनी काही फरक पडला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

राहिला प्रश्न, मराठी म्हणजे कोणती मराठी? पुण्याच्या पुस्तकी बोलीत सर्व पात्रांस कोंबले तर डोणगावचा मुलगा पुन्हा परकाच राहील, व 'हास्यास्पद' म्हणणाऱ्यांस आयते निमित्त मिळेल. नागरी पात्रांनी नागरी बोलावे. खेड्यातून आलेल्या पवित्राच्या तोंडी रागात, आनंदात, मावशीशी बोलताना खुशाल वऱ्हाडी यावी. असे संवाद लिहिणारे लेखक विदर्भात हवे तितके आहेत. त्यांस बोलवावे, योग्य मोबदला द्यावा, आणि त्यांचे नाव जाहिरातीत क्रिकेटपटूच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. ह्या मालिकेचा तिसरा भाग २०२४ च्या मार्चमध्ये यावयाचा होता, तो लांबला. तो आला म्हणजे वाचकांनी चित्रगृहाच्या खिडकीशी मराठी खेळ कोणत्या वेळी आहे, असे विचारावे. नसल्यास, का नाही, हे तेथेच, इतरांस ऐकू जाईल अशा बेताने विचारावे.