दुसरी भाषा : ओस्लोची की बिदरची?

निलंग्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने नॉर्वेजियन शिकायचे ठरविले, तर त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. शिकवणीसाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज आता उरलेली नाही. शिवाय ही भाषा तशी अवघडही नाही. तिची लिपी रोमन, क्रियापदे पुरुषानुसार बदलत नाहीत आणि ती अवगत झाली की डॅनिश व स्वीडिश बव्हंशी समजू लागतात. एका श्रमात तीन भाषांचे दार उघडते, हा लाभ लहान नव्हे.

तथापि भाषेची योग्यता तिच्या सुलभतेवर ठरत नाही. ती शिकणाऱ्याच्या प्रयोजनावर ठरते. नॉर्वेची लोकसंख्या अवघी छप्पन्न लाखांच्या घरात आहे. तेथे जाऊन परिचारिका किंवा शिक्षक व्हायचे असेल, तर नॉर्वेजियनला पर्याय नाही. परंतु तेथील शासकीय विद्यापीठांनी २०२३ पासून युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जर्मनची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तेथे निदान वाट तरी आखलेली आहे. वाट न पाहता केवळ नवलाईपोटी दोन वर्षे आणि वडिलांच्या कष्टाचा पैसा खर्चणे शहाणपणाचे नाही.

आता घराच्या उंबरठ्याकडे पाहावे. १९५६ पर्यंत निलंगा तालुका बिदर जिल्ह्यात होता. औराद शहाजानीपलीकडे कन्नड मुलूख सुरू होतो. बाराव्या शतकात बसवेश्वरांची वचने ज्या कल्याण नगरीत घुमली, ती याच परिसरातील. पण कन्नड न येणाऱ्यास ती अनुवादाच्या ओंजळीनेच प्यावी लागतात. उर्दूचेही तसेच. निजामी राजवटीत दप्तराची भाषा उर्दू होती. आजोबांच्या जमिनीचा कागद पेटीत आहे, परंतु नातवाला तो वाचता येत नाही, ही मराठवाड्यातील अनेक घरांची स्थिती आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या दप्तरांतील उर्दू व मोडी मजकूर वाचू शकणाऱ्या जाणकारांचे मोल सर्वांना कळून चुकले. ज्या अक्षरांवर हजारो कुटुंबांचे हक्क अवलंबून आहेत, ती परकी कशी म्हणावीत?

कन्नड-उर्दूने नोकरी मिळते काय, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच गैरलागू नाही. पोटाचा प्रश्न कोणी नाकारू नये. परंतु वाट निश्चित नसेल तर नॉर्वेजियननेही ती मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला आणि जूनअखेर तो मागेही घेतला गेला. त्या गदारोळात शासनाने कोणती भाषा शिकवावी यावर पुष्कळ बोलले गेले. विद्यार्थ्याने आपण होऊन कोणती निवडावी, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला. त्याचे उत्तर ज्याचे त्याने तीन कसोट्यांवर शोधावे : ही भाषा कोणाशी बोलणार, तीत काय वाचणार आणि पाच वर्षांनी ती कोठे उपयोगी पडणार? तिन्हींची उत्तरे ओस्लोकडे बोट दाखवीत असतील, तर नॉर्वेजियन अवश्य शिकावी.

मात्र तिचा इतिहासही सोबत वाचावा. १८१४ पर्यंत सुमारे चार शतके नॉर्वे डेन्मार्कशी जखडलेला होता आणि लेखनाची भाषा डॅनिश होती. पुढे ईवार ओसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा खेडोपाडी हिंडला, तेथील बोली त्याने टिपल्या आणि त्यांतून नवी लेखनभाषा घडविली. ती आज तेथील दोन अधिकृत लेखनरूपांपैकी एक आहे. ज्या भाषेच्या ओढीने निलंग्याचा तरुण दूरदेशी पाहतो, ती भाषाच त्याला सांगते की आधी शिवेवरचे बोल ऐकावेत.