वाचाल तर वाचाल!

गोष्ट गेल्या सेमिस्टरची. सबमिशनची आदली रात्र. माझ्या उबुंटूवर पायथॉनचं व्हर्जन काही केल्या जुळेना. रूममध्ये तज्ज्ञांची काय कमी! "जुनं पायथॉन उडव, नवीन टाक," असा सल्ला मिळाला. टर्मिनल उघडून मी 'सुडो अ‍ॅप्ट रिमूव्ह पायथॉन३' ठोकलं. भलीमोठी यादी सरसर वर गेली. खाली प्रश्न आला, पुढे जायचं का? आपण 'वाय' दाबून मोकळे! मशीन रिस्टार्ट केलं तर डेस्कटॉपच गायब. काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर.

चूक कोणाची? अर्थात माझीच. डेस्कटॉपचे कितीतरी भाग पायथॉनच्या जिवावर उभे असतात. पाया काढला तर माडी कशी राहणार? आणि ही सगळी नावं त्या यादीत स्पष्ट लिहिलेली होती. मी ती वाचलीच नाही.

पूर्वी डेबियनवर 'डीपीकेजी'ने एकेक पॅकेज टाकावं लागे आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस आपणच शोधावी लागत. 1999 साली डेबियन 2.1 मध्ये 'अ‍ॅप्ट' आलं आणि ही शोधाशोध संपली. पण सोय झाली की माणूस आळशी होतो. 2021 मध्ये लायनस सेबॅस्टियन या नामांकित यूट्यूबरने पॉप ओएसवर 'स्टीम' टाकताना असाच डेस्कटॉप घालवला. त्या पॅकेजमध्ये दोष होता हे खरं, पण अ‍ॅप्टने धोक्याचा इशारा दिला होता. नुसतं 'वाय' पुरणार नव्हतं, 'यस, डू अ‍ॅज आय से!' असं अख्खं वाक्य टाइप करायचं होतं. तेही त्याने केलं!

काही जण म्हणतील, "मग टर्मिनलच्या नादी लागायचंच कशाला?" मला उलटं वाटतं. बटण दाबून काम होतं तेव्हा आत काय चाललंय ते आपल्याला कळतच नाही. टर्मिनल बिचारं आधी सगळं सांगतं, मग विचारतं. ऐकायचं की नाही, हे आपल्या हातात. शंका असेल तर कमांडला 'डॅश एस' जोडा. काय काय होईल ते नुसतं दिसतं, प्रत्यक्षात काहीच हलत नाही.

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. जर्नलमध्ये आम्ही कमांड पाठ करून लिहितो. व्हायव्हाला कधीतरी आउटपुट समोर ठेवा आणि विचारा, "यातलं काय जाणार, काय येणार?" अर्ध्या वर्गाची दांडी गुल होईल, पण शिकू तेव्हाच.

त्या रात्री एका सीनियर दादाने अ‍ॅप्टची 'हिस्टरी' लॉग फाइल उघडली. काय काय उडालं ते त्यात तारीख-वेळेसकट होतं. पहाटे चारपर्यंत बसून त्याने सगळं परत टाकलं. सबमिशन झालं. जाताना एवढंच म्हणाला, "जे मी आत्ता वाचलं, ते तू आधी वाचायचं होतंस."