ॲपमधले पोषण

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा कारभार मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर गेला. बालकांची उंची, वजन, वाटलेला शिधा, सारे अंगणवाडी सेविकेने मोबाइलवर भरावयाचे. नोंदी किती भरल्या गेल्या, यालाच यश मानण्याचा सरकारी कल उघड आहे.

सुखवस्तू माणूस ॲपवर उष्मांक मोजतो, तेव्हा त्याच्यापुढे निवड असते. जिला डाळ परवडत नाही, त्या मातेला आहाराचा सल्ला काय कामाचा? क्रयशक्तीवाचून मागणी नाही, हे तर अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवतात! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. आणि पूरक आहारासाठी २०१७ साली ठरलेला दर होता बालकामागे दिवसाला ८ रुपये.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले. याला यंत्रविरोध म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांना चालणारे यंत्र हवे होते, आणि ॲप मराठीत हवे होते.

जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या शिध्यासाठी चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले. माता मजुरीला गेली असेल, गावात नेटवर्क नसेल, तर भुकेला पुरावा कोणी द्यावयाचा? चेहरा न जुळल्याने कोणाचा शिधा अडला, याची यादी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मागावी, आणि आहाराचा दर महागाई निर्देशांकाशी जोडण्याची मागणी तालुक्याच्या मोर्चात पुढे ठेवावी.