गाडी उचलली, पांदण तिथेच

मागच्या बैठकीला एक तरुण कार्यकर्ता पिकअप घेऊन आला. कंपनीचे टायर काढून मोठे घातलेले, पुढे पॅकिंग टाकून तोंड दोन इंच उचललेले. पोरे भोवती जमली. "आता पांदणीत अडकत नाही," तो म्हणाला. मी शिकलो माती आणि पिके. पण हा हिशेब मिस्त्र्याजवळ बसून समजून घेतला, तो शेतकरी भावांपुढे ठेवतो.

रिकाम्या पिकअपचे मागचे अंग उंच दिसते, ही कारखान्याची चूक नव्हे. माल भरला की पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. रिकामी असतानाच तोंड उचलून सपाट केली, तर भरल्यावर ती मागे बसणार. उलार बैलगाडी आपण कोणी हाकत नाही. मग हीच कशी चालते? रात्री दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अमेरिकेत असे कीट खपतात, कारण तिथे पुष्कळ पिकअप रिकाम्याच हिंडतात. आपली गाडी जिनिंगला जाते, तीही कापूस टपाच्या वर रचून. आधीच उंच ढीग, त्यात उंच गाडी. वळणावर काय होते ते ड्रायव्हरला विचारा.

आता टायर. २७ इंच व्यासाच्या जागी ३० इंचाचा घातला, तर उंची वाढते फक्त दीड इंच. पण चाकाच्या एका फेऱ्यात गाडी ११ टक्के जास्त अंतर तोडते. मीटर ६० दाखवतो तेव्हा वेग ६६ च्या पुढे असतो. त्याच गिअरमध्ये ओढ दहाव्या हिश्श्याने घटते, ब्रेकवर ताण वाढतो. फायदा नाही असे मी म्हणत नाही. मोठा टायर जास्त जमिनीवर टेकतो, कमी रुततो. पण आपली काळी चिकण माती नक्षीत भरली की नवा टायरही गुळगुळीतच. शिवाय शेतात वरचा थर टायरच्या दाबाने दबतो, खालचा मात्र आसावरच्या वजनाने. तो वखराने मोकळा होत नाही.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ रचनेपासून नोंदणीचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला आयते निमित्त.

पण त्या पोराला तरी का बोलावे? आषाढात खताचे पोते बांधापर्यंत नेता येत नाही, म्हणून तर त्याने कापसाचा पैसा टायरात घातला. रस्ता सरकारने करायचा, तो आपण गाडीखाली विकत घेतो आहोत! गावनकाशात तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग कोणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खाली बांधावरून मागता येते. २०२१ मध्ये शासनाने मातोश्री पाणंद रस्ते योजना काढली. आपल्या ग्रामसभेने ठराव केला का, हे ग्रामसेवकाला विचारा.

पुढच्या बैठकीला येताना गावनकाशाची प्रत घेऊन या. ती पिकअपही येऊ द्या, बोनेटवर नकाशा पसरायला बरी पडेल.