नाव दुर्मीळच हवे, हा हट्ट इतिहासाला ठाऊक नाही

१/ बारशाच्या तयारीत हल्ली एक नवा विधी शिरला आहे. नाव ठरवण्यापूर्वी ते आणखी किती जणांचे आहे, याची मोजदाद होते. ‘फारच कॉमन आहे’ असे कुणी म्हटले की आजीने सुचवलेले नाव तिथेच बाद. इतिहासप्रेमी घरांत तर हे सोवळे अधिकच कडक. कुठल्याशा ताम्रपटातून कुणालाही ठाऊक नसलेले नाव खणून काढायचे आणि घराण्यात चालत आलेल्या नावाला नाक मुरडायचे. ज्या इतिहासाचा हवाला देऊन हे चालते, तो मात्र नेमके उलट सांगतो.

२/ भोसले घराणे पाहा. शिवाजी महाराजांच्या थोरल्या बंधूंचे नाव संभाजी. ते कनकगिरीच्या लढाईत पडले. पुढे १६५७ मध्ये पुरंदरावर महाराजांना पुत्र झाला, त्याचेही नाव संभाजी. हे नाव राजघराण्यासाठी राखीव होते असेही नव्हे. प्रतापगडाच्या प्रसंगातील संभाजी कावजी आणि महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते ही त्याच काळातील माणसे. सरदाराचे आणि शिलेदाराचे नाव युवराजाला ठेवण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

३/ पुढची पिढी याहून बोलकी आहे. संभाजी महाराजांना १६८२ मध्ये झालेल्या पुत्राचे नाव आजोबांवरून शिवाजी. इतिहास त्यांना शाहू म्हणून ओळखतो. राजाराम महाराज आणि ताराबाई यांना १६९६ मध्ये झालेल्या पुत्राचे नावही शिवाजीच. म्हणजे १७०७ नंतर ज्या दोघांच्या नावाने गादीचा वाद पेटला, ते चुलतबंधू जन्मनावाने एकच होते. गादी एक, दावेदार दोन, आणि नावही एक! नावाच्या सारखेपणाने गोंधळ होतो, असे म्हणणाऱ्यांनी यापेक्षा मोठा गोंधळ कल्पून दाखवावा. तरीही आजोबांचे नाव सोडावे, असे दोन्ही घरांना वाटले नाही.

४/ पेशव्यांकडे तीच रीत. बाळाजी विश्वनाथांचे नाव नातवाला मिळाले, तेच बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब. थोरले माधवराव १७७२ मध्ये वारले, नारायणरावांचा १७७३ मध्ये खून झाला, आणि १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावांना जो मरणोत्तर पुत्र झाला, त्याला दिवंगत चुलत्याचे नाव दिले गेले. कर्त्या माणसाला मुकलेल्या घराने नवे नाव शोधले नाही, गमावलेले नाव परत मागितले. दोघांत फरक करायला ‘थोरले’ आणि ‘सवाई’ एवढे दोन शब्द पुरले. वडिलांचे नाव जोडण्याच्या मराठी पद्धतीने उरलेले काम केले.

५/ नाव कुणाचे नशीब घडवत नाही, हेही याच घराण्यात दिसते. थोरल्या बाजीरावांचे नाव मिळालेल्या नातवाने १८१८ मध्ये राज्य घालवले.

६/ झाशीचे उदाहरण अधिक हळवे आहे. गंगाधरराव आणि राणी लक्ष्मीबाई यांचा मुलगा तान्हेपणीच गेला. १८५३ मध्ये त्यांनी आनंदराव नावाच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव ठेवले दामोदर, म्हणजे गेलेल्या बाळाचे. तिथे ‘युनिक’ हा निकष लावून पाहावा.

७/ आता प्रतिपक्ष. हजेरीपटावर एकाच नावाची चार मुले असली की त्या मुलांना त्रास होतो, हे खरे. पण त्यावर दुर्मीळ नावांचा उतारा चालत नाही, कारण सगळेच एकाच संकेतस्थळावर एकच ‘दुर्मीळ’ नाव शोधत असतात. म्हणूनच आज वर्गावर्गात दोन-दोन आरव सापडतात. (त्या संकेतस्थळांवर ‘आरव’ म्हणजे ‘शांत’ असे बेधडक छापलेले असते. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत कोशकार अधिक विश्वासार्ह ठरावेत.) नाव हा समाजमाध्यमावरचा खातेक्रमांक नव्हे, की दुसऱ्याने घेतले म्हणून आपल्याला उपलब्ध नाही.

८/ ‘अमक्या नावाला डाग आहे’ ही भीतीही तपासून पाहावी. ‘ध’ चा ‘मा’ केल्याच्या आख्यायिकेने राघोबादादांच्या आनंदीबाई मराठी मनात कायमच्या दोषी ठरल्या. तरी शंभरेक वर्षांनी गोपाळराव जोशी यांनी कल्याणच्या यमुनेचे नाव आनंदी ठेवले, आणि १८८६ मध्ये ती फिलाडेल्फियातून डॉक्टर झाली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाईही आनंदीबाईच झाल्या.

९/ इथेच खरा प्रश्न उभा राहतो, आणि नावांची मोजदाद करणारे त्याकडे पाहतच नाहीत. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉ. आनंदीबाई माहेरच्या यमुना. झाशीची राणी माहेरची मनकर्णिका आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही माहेरच्या मनकर्णिका. दोघींच्या सासरी एकच नाव ठरले. यमुना नाव सामान्य होते, यात अन्याय नव्हता. ते नाव लग्नात पुसले गेले आणि त्याबद्दल तिचे मत कुणी विचारले नाही, यात होता. नावावर हक्क कुणाचा, हे विचारण्याऐवजी ते किती जणांचे, एवढेच विचारणारी पिढी स्वतःला चोखंदळ समजते, हे नवल आहे.

१०/ दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू ठेवण्यामागे निदान मूल जगावे ही आस होती. पण मुलीवर मुलगी झाली म्हणून ‘नकोशी’, ‘नकुसा’ ठेवण्यामागे काय होते? गर्दीत वेगळे उठून दिसावे हीच कसोटी असेल, तर हे नाव त्या कसोटीला शंभर टक्के उतरते. वर्गात ते एकटीचेच असायचे.

११/ ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचे नव्याने बारसे झाले. तान्हेपणी न मिळालेली निवड त्यांना आता मिळाली होती. कुणी सिनेतारकेवरून ऐश्वर्या घेतले, कुणी सावित्री, कुणी वैशाली. गल्लोगल्ली ऐकू येणारी नावे होती ती. नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि फुलांचा छोटा गुच्छ हातात घेऊन त्या मुली घरी गेल्या.