करार उघडा, नोंदी दाखवा

वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. नामिबियातल्या विंडहुक शहरात १९६८पासून ते पिण्यासाठी दिले जाते. अडते ते व्यवहारात, आणि त्या व्यवहाराचा अभ्यास आपल्याकडे फार तोकडा आहे.

नागपूर महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांचा करार २००८चा. पुढे भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जाऊ लागले. या कराराचे कौतुक झाले, ते रास्तच आहे. पण वीजकेंद्रांची ताज्या पाण्याची जेवढी गरज कमी झाली, तेवढे पेंच धरणाचे पाणी कुठे गेले? शहराच्या वाढत्या मागणीत मुरले की शेतापर्यंत पोहोचले? नाग नदीतून कन्हान-वैनगंगेकडे जाणारे सांडपाणी घटले, तर खालच्या गावांचा फायदा किती, तोटा किती? करार दोघांचा असतो; ही गावे त्यात कुठेच नसतात.

पुण्यातला गुंता याहून अवघड. शहराने खडकवासला धरणाचे पाणी घ्यायचे आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) प्रक्रिया केलेले पाणी शेतीसाठी बेबी कालव्यात सोडायचे, अशी ही देवाणघेवाण. ही खरी तर अदलाबदल आहे आणि अदलाबदलीत मालाची प्रत आधी पाहतात. या पाण्याच्या प्रतीबद्दल शेतकरी सतत तक्रार करत आले आहेत. प्रत घसरली तर भरपाई कुणी द्यायची? जमिनीची क्षारता, विहिरींचे पाणी, उसाचा एकरी उतारा मोजल्याशिवाय या पाण्याची किंमत ठरवणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

दराचेही तेच. ठोक जलदर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. धरणाचे पाणी स्वस्त असेल, तर शुद्ध केलेले पाणी विकत घ्यायला कारखानदार आपणहून येणार नाही. २०१६च्या केंद्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्रांना हे पाणी वापरण्याची सक्ती केली, ती यासाठीच आवश्यक होती. इतर उद्योगांबाबत मात्र धरणाच्या आणि शुद्ध केलेल्या पाण्याचे दर शेजारी मांडूनच विचार करावा लागेल.

महापालिकांतले अभियंते, लेखापाल आणि जलसंपदा विभागातले अधिकारी यांना आमची विनंती आहे: आपल्या शहराच्या कराराची कलमे, मीटरच्या मासिक नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल आणि वीजबिलासह चालवण्याचा खर्च अभ्यासकांना खुला करा. आणि संशोधकहो, कालव्याच्या शेवटच्या टोकापासून सुरुवात करा.